कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य: प्रशिक्षणासाठी, संशोधनासाठी मुंबईत निधी कसा मिळवायचा

‘कामगार सुरक्षेसाठी अनुदान’ असं शोधत बसलात तर हाती फारसं काही लागत नाही, कारण या नावाची एकच मोठी तिजोरी आपल्याकडे नाही. पैसा आहे, पण तो वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला आहे. थोडा आरोग्य संशोधनात, थोडा समाजविज्ञानात, थोडा कौशल्य विकासात, थोडा बांधकाम उपकरात, थोडा कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीसाठी कायद्याने करायच्या खर्चात. म्हणून या विषयात निधी मिळवण्याचं खरं कसब म्हणजे आपलं काम न बदलता ते योग्य दारावर योग्य नावाने नेणं. हा लेख मुंबई परिसरातल्या स्वयंसेवी संस्था, युनियन, मेडिकल कॉलेजमधले डॉक्टर, प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी आणि कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर यांच्यासाठी आहे.

सगळ्या पायऱ्या एकाच उदाहरणावर दाखवतो. मुंबईत जिकडे पाहावं तिकडे पुनर्विकास चालू आहे. जवळपास प्रत्येक इमारतीत शेवटच्या टप्प्यात कुणीतरी तोंडाला गमछा बांधून कोरडा ग्रॅनाइट कापत असतो. त्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. मार्बलमध्ये ती फार थोडी, ग्रॅनाइटमध्ये पुष्कळ आणि किचन ओट्याच्या कृत्रिम क्वार्ट्झ स्लॅबमध्ये सर्वांत जास्त. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम स्लॅबवर बंदी घातली. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. त्यात टीबीचा धोकाही वाढतो. एक्स-रेवरची सावली टीबीसारखी दिसते, त्यामुळे पुष्कळांवर केवळ टीबीचे उपचार होत राहतात आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत कामाला जातो. समजा, तुम्हाला या कामगारांवर अभ्यास करायचा आहे आणि त्यांना ओल्या पद्धतीने कापण्याचं प्रशिक्षणही द्यायचं आहे.

पायरी १: मालकाने द्यायचा खर्च आधी बाजूला काढा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग मालकाच्या जबाबदारीसाठी दानशूरांकडे हात पसरतात. हे मला पटत नाही. सुरक्षेचं प्रशिक्षण ही कुणाची मेहेरबानी नाही. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियम १९४८ मध्ये कलम १११-अ आलं. त्यात कामगाराला आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क मिळाला. शक्य असेल तिथे कारखान्यातच, नाहीतर मालकाच्या खर्चाने मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेण्याचाही हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० मध्येही माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख हे मालकाचंच कर्तव्य आहे. साधारण कारखान्यात ५०० कामगारांपासून, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात आणि बांधकामात २५० पासून सेफ्टी ऑफिसर सक्तीचा आहे.

त्यामुळे कामगार एखाद्या मोठ्या कंपनीच्या साइटवर किंवा कारखान्यात असतील तर पहिलं पत्र तिथल्या व्यवस्थापनालाच द्या. युनियन असेल तर प्रशिक्षणाचे दिवस आणि त्या दिवसांचा भरपगार ही मागणी करारातच घाला. सेफ्टी ऑफिसर किंवा डॉक्टर असाल तर शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतल्या अभ्यासक्रमांना कंपनीतर्फे प्रायोजित होऊन जाता येतं. ही संस्था केंद्र सरकारच्या डीजीफासली या महासंचालनालयाचा भाग आहे. औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा आणि एमबीबीएस डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा एएफआयएच हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम तिथे चालतो. बेलापूरच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे छोटे अभ्यासक्रमही कंपनीच्या प्रशिक्षण बजेटातून करता येतात. दरवर्षी ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह असतो. त्या सुमारास व्यवस्थापन अशा मागण्यांकडे जरा जास्त लक्ष देतं, त्याचा फायदा घ्या.

बाहेरचा निधी मागायचा तो ज्यांना असा मालक नाही त्यांच्यासाठी. नाक्यावरचा मजूर, उपठेकेदाराच्या हाताखालचा फरशीवाला, गोवंडीतला जरीकाम करणारा, धारावीतला भंगार वेगळं करणारा, काळबादेवीतल्या खोलीत अ‍ॅसिडच्या वाफेत सोनं साफ करणारा. त्याशिवाय स्वतंत्र संशोधनासाठीही बाहेरचा पैसा हवा. कारण ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशाने ती केली तर निष्कर्षांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पायरी २: एका पानात काम मांडा

प्रपोजल लिहायला घेण्याआधी साध्या मराठीत एक पान लिहा. कुठले कामगार, साधारण किती, कुठे, त्यांना काय होतंय, तुम्ही काय करणार आणि ते झाल्यावर काय बदलेल. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा. ‘जनजागृती होईल’ हे उत्तर नव्हे. ‘पाच साइटवर कोरडी कटाई बंद होऊन पाण्याची कटर मशीन येतील आणि धूळ किती कमी झाली ते मोजून दाखवू’ हे उत्तर.

मग त्या पानाचे दोन भाग करा: संशोधन आणि प्रशिक्षण. दोन्ही एकाच अर्जात कोंबू नका. संशोधनाला पैसा देणारे प्रशिक्षणाच्या खर्चाला कात्री लावतात आणि प्रशिक्षणाला पैसा देणाऱ्यांना प्रयोगशाळेचं बिल समजत नाही. दोन अर्ज, दोन दारं, पण कामगार तेच.

पायरी ३: दार निवडा

संशोधनापासून सुरुवात करू. आजार, तपासण्या, फुप्फुसांची क्षमता असा विषय असेल तर पहिलं दार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं. व्यावसायिक आरोग्यासाठीची तिची खास संस्था अहमदाबादला आहे, एनआयओएच, १९६६ पासून. आयसीएमआर बाहेरच्या संस्थांमधल्या संशोधकांना प्रकल्प-अनुदान देते. अर्ज ऑनलाइन, ठरावीक काळात निघणाऱ्या कॉलनुसार, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीनुसार. इथेच योग्य नावाचा प्रश्न येतो. ‘फरशी कामगारांचा आरोग्य अभ्यास’ या शीर्षकाचा अर्ज बाजूला पडू शकतो. तोच अभ्यास ‘सिलिकाच्या संपर्कातल्या बांधकाम कामगारांमधला टीबी आणि सिलिकोसिस: चुकणारं निदान’ असा मांडला तर तो थेट टीबीच्या राष्ट्रीय प्राधान्याशी जोडला जातो. यात लबाडी काहीच नाही, कारण तो प्रश्न खराच आहे. फक्त तो तसा मांडायला सुचत नाही. मुंबईत त्यासाठी लागणारं सगळं जवळ आहे: केईएम, शीव, नायर, कूपर यांचे पीएसएम, म्हणजे समाजवैद्यक, विभाग आणि शिवडीचं क्षयरोग रुग्णालय.

तुम्ही एमबीबीएसचे विद्यार्थी असाल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप ही उत्तम सुरुवात. एका साइटवरच्या कामगारांची प्रश्नावली आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, एवढं काम त्यात नीट बसतं. एमडी करणाऱ्यांनी प्रबंधाचा विषयच असा घ्यावा. पीएसएमच्या कितीतरी प्रबंधांचे विषय तेच ते असतात आणि हॉस्पिटलच्या भिंतीला लागून चाललेल्या बांधकामाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

प्रश्न अभियांत्रिकीचा असेल, म्हणजे धूळ ओढून घेणारं स्वस्त उपकरण, कमी आवाजाची कटर किंवा उंचावरच्या कामासाठी नवा हार्नेस, तर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जा. एसईआरबी या केंद्राच्या आधीच्या संशोधन-निधी मंडळाची जागा घेणारी ही संस्था २०२३ च्या कायद्याने स्थापन झाली. नव्याने नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांसाठी तिची स्वतंत्र अर्ली करिअर योजना आहे. उपकरण बाजारात आणायचं असेल तर केंद्राच्या ‘निधी-प्रयास’ योजनेत नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळू शकतात. ते इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, मिळतात, त्यामुळे आयआयटी मुंबईच्या ‘साइन’सारख्या ठिकाणी आधी जाऊन बोला. स्वयंसेवी संस्थांनी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा ‘सीड’ कार्यक्रम पाहावा. वंचित घटकांसाठी उपयोगी तंत्रज्ञान हाच त्याचा विषय आहे आणि अर्ज करायला विद्यापीठच असावं लागतं असं नाही.

प्रश्न समाजविज्ञानाचा असेल तर आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद. ठेकेदारी साखळीत सुरक्षेची जबाबदारी नेमकी कुणाची उरते, अपघातानंतर कुटुंबाचं काय होतं, बाया बिगारी कामात असताना बाळंतपणाचं काय करतात, असे अभ्यास तिथे चालतात. परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारातच आहे. चर्चासत्राला थोडी मदत हवी असेल तर दिल्लीच्या आधी तिथे चौकशी करा.

पीएचडी करणाऱ्यांसाठी स्वतःच्या पोटापाण्याचा प्रश्न पहिला. यूजीसी-नेटमध्ये ‘श्रम कल्याण, कर्मचारी व्यवस्थापन, औद्योगिक संबंध’ हा स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. महाराष्ट्रात त्याशिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएचडी अधिछात्रवृत्ती आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. विषय कामगार सुरक्षेचा आहे म्हणून तिथे काही अडत नाही. कामगारांच्या घरांतली मुलं आज पीएचडीपर्यंत पोहोचली आहेत. त्यांनी आपल्या बापाच्या खोकल्यावर संशोधन करावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रशिक्षणाची दारं वेगळी. बांधकाम कामगार असतील तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर या कामगारांच्या नावाने गोळा होतो आणि मुंबईतल्या टॉवरांची संख्या पाहता तो थोडा नाही. मात्र मंडळ संस्थांना संशोधनाची अनुदानं वाटत नाही. त्याचे लाभ नोंदणी झालेल्या कामगाराला मिळतात आणि नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवसांचं बांधकाम काम लागतं. म्हणून इथे संस्थेचं पहिलं काम नोंदणीचं. दोनशे फरशीवाल्यांची नोंदणी करून दिली की सुरक्षा संच, आरोग्याच्या योजना आणि कौशल्य प्रशिक्षण यांची मागणी तुम्ही वजनाने करू शकता. ९० दिवसांचा दाखला देताना ठेकेदार टाळाटाळ करतात, तेव्हा हे काम वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी एक माणूस पूर्णवेळ लागतो आणि त्याचा पगार दुसरीकडून आणावा लागतो.

गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांसाठी केंद्राची ‘नमस्ते’ योजना आहे. त्यात सुरक्षा प्रशिक्षण, पीपीई किट, आरोग्य विमा आणि यंत्र घेण्यासाठी भांडवली अनुदान आहे. २०२४ मध्ये कचरावेचकही तिच्या कक्षेत आले. ही योजना महापालिकेमार्फत राबवली जाते. म्हणून वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा खात्याला पत्र देऊन ‘यादी करायला आणि प्रशिक्षणाला लोक जमवायला आम्ही मदत करतो’ असं सांगणं हाच इथला मार्ग.

युनियनसाठी दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण आणि विकास मंडळ आहे. १९५८ पासून चालत आलेलं हे मंडळ कामगारांसाठी शिबिरं घेतं. रोख पैशापेक्षा तिथून प्रशिक्षक आणि शिबिराची व्यवस्था मागणं जास्त व्यवहार्य. दगडखाणीच्या कामगारांसाठी, म्हणजे ठाणे, पालघर, रायगड भागात, जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जा. जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखालच्या या निधीत आरोग्य आणि कौशल्य विकास हे प्राधान्याचे विषय आहेत, पण दगडखाणींतल्या धुळीसाठी तिथे अर्ज घेऊन जाणारे मला फारसे दिसत नाहीत.

सीएसआर: इथे नीट थांबून वाचा

मुंबई ही कंपन्यांच्या मुख्यालयांची नगरी. त्यामुळे सीएसआरचं दार इथे सर्वांत जवळ आहे आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते. पण कंपनीच्या स्वतःच्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये चालत नाही. दुसऱ्या कायद्याने जे बंधनकारक आहे तेही चालत नाही. म्हणजे बिल्डरने स्वतःच्या साइटवरच्या मजुरांना हेल्मेट दिली आणि ते सीएसआरमध्ये दाखवलं, तर ते नियमात बसत नाही. असा प्रस्ताव घेऊन कुणी तुमच्याकडे आलं तर नम्रपणे नाही म्हणा.

नियमात बसतं ते असं: बीकेसीतल्या एखाद्या बँकेने नाका कामगारांसाठी फिरता दवाखाना आणि ओल्या कटाईचं प्रशिक्षण चालवणं. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ‘प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा’ आणि ‘रोजगारक्षम कौशल्य’ हे दोन्ही आहेत. तुमच्या अर्जात हे शब्द जसेच्या तसे यायला हवेत, कारण कंपनीच्या सीएसआर समितीला परिशिष्टातल्या कुठल्या कलमाखाली हा खर्च टाकायचा ते लिहावं लागतं. संशोधन मात्र सीएसआरमध्ये मर्यादित स्वरूपातच बसतं: सरकारी निधीवर चालणारे संशोधन प्रकल्प, सार्वजनिक विद्यापीठं, आयआयटी, आयसीएमआरसारख्या संस्था. खासगी ट्रस्टला अभ्यास करायचा असेल तर अशा संस्थेला मुख्य भागीदार करून आपण कामगारांपर्यंत पोहोचण्याची बाजू सांभाळावी. भागीदारीचा करार आधी लेखी करा आणि कामगारांच्या माहितीवर हक्क कुणाचा हे त्यात स्पष्ट लिहा.

कंपन्यांशी भेटीची वेळही महत्त्वाची. नव्या वर्षाचा कृती आराखडा आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास ठरतो, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत भेटा. मार्चमध्ये कंपन्यांचे फोन येतात खरे, पण तो उरलेला पैसा संपवण्याचा घाईचा व्यवहार असतो. त्यातून एखादं स्पायरोमीटर घ्या, दोन वर्षांचा कार्यक्रम उभारू नका.

सीएसआरच्या जोडीला टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन यांच्यासारख्या मोठ्या दानशील संस्था आहेत. त्यांना सीएसआरच्या चौकटी लागू नाहीत, त्यामुळे असंघटित कामगारांच्या हक्कांचं काम तिथे जास्त मोकळेपणाने मांडता येतं.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या फोगार्टी केंद्राचा पर्यावरण आणि व्यावसायिक आरोग्यासाठीचा जिओहेल्थ कार्यक्रम, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे प्रकल्प अशा संधी असतात, पण त्या बहुधा मोठ्या विद्यापीठांच्या भागीदारीतून मिळतात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेतच मोठी कर्मचारी कपात झाली. केवळ तिकडच्या पैशावर पूर्ण कार्यक्रम उभा करणं त्यामुळे जोखमीचं आहे. शिवाय संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. आरोग्य संशोधन असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी.

पायरी ४: कागद आधी, अर्ज नंतर

कॉल निघाल्यावर कागद गोळा करायला बसलात तर मुदत हातची जाते. ट्रस्ट असेल तर वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांमधल्या बदलांची नोंद, अद्ययावत हवेत. जुन्या विश्वस्तांची नावं अजून तशीच असतील तर पहिला अडथळा तिथेच येतो. त्यानंतर पॅन, १२-अ आणि ८०-जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी आणि सीएसआरसाठी सीएसआर-१ फॉर्म. कंपन्या सहसा तीन वर्षांचा कामाचा अनुभव पाहतात आणि नियमही तेच सांगतो. नवी संस्था असाल तर पहिली तीन वर्षं जुन्या संस्थेबरोबर काम करा आणि तुमचं नाव अहवालात येईल असं बघा.

कॉलेजमधून अर्ज करणाऱ्यांनी प्राचार्य किंवा डीनच्या सहीचं फॉरवर्डिंग लेटर ही शेवटच्या दिवसाची गोष्ट समजू नये. पालिकेच्या कॉलेजमध्ये फाइल फिरायला वेळ लागतो.

पायरी ५: प्रपोजल आणि बजेट

प्रस्तावनेत जगभरची आकडेवारी भरू नका. परीक्षक ती आधीच वाचून असतो. त्याला तुमच्या हातात काय आहे ते पाहायचं असतं. फरशीवाल्यांच्या कुठल्या मुकादमांशी तुमची ओळख आहे, कुठल्या साइटवर आत जाता येतं, कुठल्या रेडिओलॉजिस्टला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पद्धतीने छातीचा एक्स-रे वाचता येतो. या तीन ओळी तीन पानांच्या संदर्भांपेक्षा जास्त बोलतात.

पद्धत लिहिताना धुळीचं मोजमाप वगळू नका. कामगाराच्या कॉलरला लावायचा पर्सनल सॅम्पलर पंप पूर्ण पाळीभर चालवायचा, मग फिल्टरवरच्या धुळीत क्वार्ट्झ किती ते प्रयोगशाळेत तपासायचं. केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक स्वच्छतेचा विभाग आहे, एनआयओएचला तर हेच मुख्य काम. अर्जाआधीच त्यांच्याशी बोलून दर आणि सहमतीचं पत्र घ्या. नुसत्या प्रश्नावलीवर केलेला अभ्यास मालक लोक एका वाक्यात उडवून लावतात. मोजलेली धूळ उडवता येत नाही.

बजेटमध्ये मी नेहमी पहिली ओळ पाहतो ती कामगाराच्या बुडालेल्या रोजाची. तपासणीला अर्धा दिवस जाणार, तो त्याने फुकट का द्यावा? समजा ६० कामगार आणि रोज ८०० रुपये, तर अर्ध्या दिवसाचे ४०० धरून २४,००० रुपये होतात. ही रक्कम उघडपणे ‘वेतनहानी भरपाई’ म्हणून लिहा. तिला आमिष म्हणू नये म्हणून एथिक्स कमिटीसमोर, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीसमोर, हिशेब ठेवा. एवढी ओळ नसली तर फक्त रिकामे बसलेले कामगारच तपासणीला येतात आणि रोज धूळ खाणारा माणूस अभ्यासातून सुटतो.

बाकीच्या ओळी: फील्डवर्करचं मानधन, पंपाचं भाडं, प्रयोगशाळेचं शुल्क, एक्स-रे, स्पायरोमेट्रीचे एकदा वापरायचे माउथपीस, प्रवास, हिंदी, बंगाली, कन्नड, तेलुगू जाणणारी माणसं, ऑडिटरची फी. सीएसआरमध्ये कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. तिचं बोट धरून संस्थेचा कार्यालयीन खर्चही नाकारला जातो, पण ती मर्यादा तुमच्यावर नाही. प्रकल्प चालवायला लागणारी माणसं हा प्रकल्पाचाच खर्च आहे, हे ठामपणे आणि नम्रपणे सांगा.

आजार सापडल्यावर काय, याचीही ओळ हवी. नवा रुग्ण निघाला तर त्याला हॉस्पिटलपर्यंत नेणं, टीबीची तपासणी, नोंदणी, भरपाईच्या अर्जाची मदत. निदान करून माणसाला वाऱ्यावर सोडणारा अभ्यास मला मान्य नाही. सिलिकोसिस हा अधिसूचित आजार आहे, तो आढळल्यास डॉक्टरने कळवायचा असतो आणि कायद्याने तो भरपाईस पात्रही आहे. राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिसचं, म्हणजे धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांचं, धोरण आणून अशा रुग्णांच्या आर्थिक मदतीची तरतूद केली. महाराष्ट्रात तशी मागणी करायची तर पक्कं निदान झालेल्या कामगारांची नोंद हाच पाया असणार.

पायरी ६: एथिक्स कमिटी

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संस्थेची स्वतःची समिती नसेल तर ज्या मेडिकल कॉलेजबरोबर काम करता तिथली घ्या. कामगारांच्या अभ्यासात एक प्रश्न हमखास येतो: परवानगी मालकाची की कामगाराची? जागेत शिरायला मालकाची लागते, तपासणीला फक्त कामगाराची. वैयक्तिक रिपोर्ट कामगाराच्या हाती द्यायचा, मुकादमाच्या नाही. रिपोर्ट मुकादमाकडे गेला तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं काम जाईल. संमतीपत्र वाचता न येणाऱ्यासाठी निष्पक्ष साक्षीदार ठेवा आणि तो ठेकेदाराचा माणूस नको.

पायरी ७: नकार आला तर

नकार येतोच. आलेला शेरा जपून ठेवा, नसेल तर मागून घ्या. ‘नमुना लहान’ असा शेरा असेल तर दुसऱ्या कॉलेजला जोडून घ्या. ‘प्राधान्यक्रमात नाही’ असा असेल तर दार चुकलं होतं, काम नाही. तोच अर्ज शब्दही न बदलता दुसरीकडे पाठवण्याचा मोह टाळा.

पायरी ८: मंजुरीनंतरचं पहिलं वर्ष

सरकारी अनुदानाला सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू होतात. वेगळं बँक खातं ठेवा, त्यावरचं व्याज सरकारला परत जातं हे लक्षात असू द्या आणि ठरल्या नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर द्या. ते अडलं की दुसरा हप्ता अडतो आणि फील्डवर्करचा पगार थकतो. एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवायचा तर आधी लेखी परवानगी घ्या. उपकरणांची नोंदवही ठेवा, प्रत्येक प्रशिक्षणाची हजेरी सहीसकट किंवा अंगठ्यासकट ठेवा. सीए कामाच्या सुरुवातीलाच गाठा, मार्चअखेरीस नव्हे.

प्रशिक्षणाचा परिणाम मोजताना हजेरी हा आकडा पुरेसा मानू नका. तीन महिन्यांनी त्याच साइटवर न सांगता जा आणि किती कटरना पाण्याची नळी जोडलेली आहे ते मोजा. ती जोडलेली नसेल तर कामगाराला का जमत नाही ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर असतं की वरच्या मजल्यावर पाणीच येत नाही, किंवा ओली फरशी वाळायला वेळ लागतो म्हणून ठेकेदार ओरडतो. ही उत्तरं निधी देणाऱ्याला तशीच कळवा. पुढच्या अर्जात पाण्याच्या पिंपाचा आणि छोट्या पंपाचा खर्च मागायला त्यांचाच आधार लागतो.

अंतिम अहवालाची एक प्रत बीकेसीतल्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि एक बांधकाम कामगार मंडळाला द्या, दोन्हीकडे पोच घ्या. कामगारांसाठी मात्र सोप्या मराठीत आणि हिंदीत दोन पानं वेगळी छापा आणि ती रविवारी नाक्यावर किंवा लेबर कॅम्पवर जाऊन वाचून दाखवा. त्या दिवसाच्या चहापाण्याचा आणि छपाईचा खर्च पहिल्याच बजेटमध्ये धरून ठेवा, कारण प्रकल्प संपल्यावर त्यासाठी कुणी पैसे देत नाही.